पेन्शन आली की निवृत्तिवेतन मिळालं?

नोव्हेंबर लागला की आमच्या सदाशिव पेठेतल्या बँकेत दहाच्या आधीच सगळ्या खुर्च्या भरतात. हयातीच्या दाखल्याचा महिना. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. तिचा फॉर्म मी भरत होते. ‘निवृत्तिवेतनधारकाचे नाव’ या रकान्यात तिचं नाव लिहिलं, तशी ती चष्मा वर सरकवून म्हणाली, “अगं, पण मी कुठे निवृत्त झाले? आणि वेतन तरी कधी घेतलं?”

शेजारचे आजोबा म्हणाले, “वहिनी, सरळ पेन्शन म्हणा. सुटसुटीत.”

“बरं, पेन्शन. म्हणजे तरी काय?” आईने मला विचारलं. मी इतकी वर्षं हा शब्द वापरते, पण त्याचा मूळ अर्थ मला सांगता येईना. तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागले आहे. हाती लागलं ते इथे मांडते.

सुरुवात लॅटिनपासून करावी लागते. तिथे ‘पेन्देरे’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ वजन करणे, तोलणे, आणि त्यावरूनच पैसे चुकते करणे. त्याचं नाम ‘पेन्सिओ’, म्हणजे तोलून दिलेली रक्कम, देण्याचा हप्ता. तोलण्यावरून देण्यापर्यंत शब्द कसा गेला, याचं उत्तर रोमच्या जुन्या बाजारात आहे. नाणी पाडायला लागण्याआधी तिथे काशाचे ओबडधोबड तुकडे तराजूत घालून व्यवहार होत. महत्त्वाच्या मालमत्तेची खरेदी करताना किमान पाच साक्षीदार लागत आणि त्यांच्याशिवाय तराजू धरणारा एक माणूस उभा असे. त्याला म्हणत ‘लिब्रिपेन्स’. या नावाच्या शेपटीतला ‘पेन्स’ आणि आपल्या पेन्शनमधला ‘पेन्श’ एकाच मुळाचे. पुढे नाणी आली, तोलायची गरज उरली नाही, तरी विधी म्हणून तराजू राहिला. भाषेतही राहिला.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की हे ओळखीचं आहे. आपण पैसे ‘मोजतो’. “त्या जागेचे ऐंशी लाख मोजले” याचा अर्थ ऐंशी लाख दिले. रोमनांनी देण्याला तोलणं म्हटलं, आपण मोजणं म्हटलं. तोलणंही आपल्याकडे होतंच. लक्ष्मी रोडवर आजही सोनं तोळ्यावर बोललं जातं, आणि तोळा हा शब्द ‘तुला’ म्हणजे तराजूच्या घरातला. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळ्याचं वजन १८० ग्रेन असं ठरवून दिलं, तेच रुपयाच्या नाण्याचंही वजन होतं. म्हणजे रुपया तराजूत टाकला की तोळा भरायचा. पैसा आणि वजन यांचं नातं इथेही असंच खणखणीत होतं.

या तोलण्याच्या धातूचा गोतावळा मोठा आहे. खर्चाला इंग्रजीत ‘एक्स्पेन्स’ म्हणतात, म्हणजे तोलून बाहेर काढलेलं. नुकसानभरपाईचं ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे एका पारड्यातलं दुसऱ्या पारड्यात वजन टाकून सारखं करणं. विद्यार्थ्यांचा ‘स्टायपेंड’ मूळचा रोमन सैनिकांचा पगार. ब्रिटिशांचा पौंड म्हणजे ‘वजनाने’, स्पॅनिशमधला पेसो म्हणजे ‘तोललेला’. पुण्यातल्या जुन्या वस्त्यांत अजून सरकारी दवाखान्याला डिस्पेन्सरी म्हणणारी माणसं भेटतात. औषध तोलून देण्याची जागा, इतका साधा अर्थ. विचारात गढलेल्या माणसाला ‘पेन्सिव्ह’ म्हणतात, कारण विचार करणं म्हणजे मनात तोलणं. आपणही म्हणतोच की, शब्द तोलून मापून वापरावा.

शेजारीच या शब्दाचा एक सख्खा भाऊ आहे. लिहायला तोच ‘पेन्देरे’, पण उच्चारात दुसरा एकार लांबवलेला. त्याचा अर्थ लटकणे, टांगलेले असणे. तराजूची पारडी टांगलेलीच असतात, त्यामुळे दोघांचं घर एकच. या भावापासून पेंड्युलम, पेंडिंग हे शब्द आले आणि ‘डिपेन्डंट’ही आला. डिपेन्डंट म्हणजे दुसऱ्याला लटकलेला, आपण ज्याला अवलंबून म्हणतो तो. त्या ‘अवलंब’मध्येही ‘लंब्’ म्हणजे लोंबणं आहेच. तर आईच्या कागदांवर पेन्शन आणि डिपेन्डंट हे दोन भाऊ शेजारी शेजारी बसलेले असतात. एक तोलून घेणारा, एक लटकलेला. आईने या महिन्याच्या पैशातून नातवाला वह्या घेऊन दिल्या तेव्हा मला यातला फरक नीट कळला.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्फत चौदाव्या शतकात आला, आणि सुरुवातीला म्हातारपणाशी त्याचा संबंध नव्हता. चर्चच्या उत्पन्नातून ठरावीक वेळी द्यायची रक्कम, एखाद्याला आपल्या बाजूला ठेवण्यासाठी बांधलेली रक्कम, असे त्याचे अर्थ होते. फ्रेंचमध्ये राहण्या-जेवण्यासाठी द्यायच्या पैशाला पेन्शन म्हणू लागले आणि मग तशा घरालाच ते नाव पडलं. आमच्या शेजारच्या काकू व्हिएन्नाला गेल्या होत्या. तिथे गल्लीगल्लीत ‘पेन्शन’ अशी पाटी पाहून त्यांना वाटलं, या गावात केवढी ही सोय! ती साधी उतरायची घरं होती. केंब्रिजमध्ये तर आपल्या खर्चाने राहणाऱ्या विद्यार्थ्याला पेन्शनर म्हणत. म्हणजे पैसे देणारा पेन्शनर आणि घेणाराही पेन्शनर. शब्द फक्त ‘ठरलेल्या वेळी तोलून दिलेलं’ एवढंच सांगत होता, कोण देतो आणि का देतो ते नाही.

हे ‘का’ पुढे या शब्दाला फार जाचलं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात पेन्शनची व्याख्या दिली ती अशी, की कोणत्याही मोबदल्याशिवाय दिलेला भत्ता. आणि पुढे जोडलं, इंग्लंडमध्ये याचा सर्वसाधारण अर्थ देशाशी द्रोह करण्याबद्दल सरकारी भाडोत्र्याला दिलेला पगार. राजाच्या मर्जीतल्या लोकांना तेव्हा पेन्शनी वाटल्या जात, त्याची चीड त्या ओळीत आहे. सात वर्षांनी, १७६२ मध्ये, तिसऱ्या जॉर्जने स्वतः जॉन्सनलाच वर्षाला ३०० पौंडांची पेन्शन देऊ केली. ती घ्यावी की नाही या घोळात तो पडला, तेव्हा प्रधान लॉर्ड ब्यूटने त्याला सांगितलं की ही तुम्ही पुढे काही करावं म्हणून दिलेली नाही, तुम्ही जे केलं आहे त्याबद्दल दिली आहे. जॉन्सनने घेतली. ‘जे केलं आहे त्याबद्दल’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. या सगळ्या चर्चेचा कणा तोच आहे. पेन्शन मर्जीची की केलेल्या कामाची?

आणि या प्रश्नाची सगळ्यात कडू आठवण पुण्याचीच आहे. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला आणि त्याला वर्षाला ८ लाख रुपये पेन्शन ठरली. पुणे सोडून कानपूरजवळ बिठूरला राहायचं, या अटीवर. इथे पेन्शन केलेल्या कामाची नव्हती, सोडलेल्या राज्याची होती. १८५१ मध्ये बाजीराव गेला आणि कंपनीने नानासाहेबांना ती द्यायचं नाकारलं. पेन्शन त्या माणसापुरती होती, असं कंपनीचं म्हणणं. करारात बाजीरावाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी असं लिहिलं आहे, हे नानासाहेबांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी अजीमुल्ला खानाला लंडनपर्यंत पाठवलं, उपयोग झाला नाही, आणि पुढे १८५७ घडलं. एका शब्दात ‘कुटुंब’ येतं की नाही यावर केवढा वाद! आईच्या फॉर्मवर ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ असं छापलेलं आता मी वेगळ्या डोळ्यांनी वाचते.

म्हातारपणाशी शब्द घट्ट जोडला गेला तो त्यानंतर. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये कामगारांसाठी वृद्धापकाळाचा कायदा झाला, वयाची अट ७० वर्षं. ब्रिटनमध्ये १९०८ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळू लागले. आपल्याकडे सरकारी नोकरांची पेन्शन त्याआधीपासून होती. लष्कराची कार्यालयं, कॅन्टोन्मेंट, मुंबईपेक्षा कोरडी हवा आणि मुलांसाठी शाळा-कॉलेजं, यांमुळे निवृत्त माणसं पुण्यात घर बांधू लागली आणि पेन्शनरांचं पुणे हे नाव पडलं.

पण खरा निकाल लागला १७ डिसेंबर १९८२ ला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डी. एस. नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन ही बक्षिसी नाही, मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली मेहेरबानीही नाही, ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वाढीव लाभातून वगळणारी तारखेची रेघ न्यायालयाने पुसली. निकाल न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिला, आणि पीठाच्या अध्यक्षस्थानी होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले आणि इथल्याच लॉ कॉलेजात शिकलेले. १७ डिसेंबर आपल्याकडे पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो याच निकालामुळे. मला यात शब्दाच्या दृष्टीने मोठी गोष्ट दिसते. जॉन्सनच्या कोशात मर्जीत अडकलेला शब्द न्यायालयाने परत तराजूत आणून ठेवला. तोलून दिलेलं, म्हणजे जेवढं देणं लागतं तेवढं.

आता मराठीकडे. ‘निवृत्तिवेतन’ हा प्रतिशब्द मला एका बाजूने फार आवडतो, कारण त्यात ‘वेतन’ आहे. अनुदान नाही, साहाय्य नाही, वेतन. ज्या वर्षी तो निकाल लागला त्याच वर्षीचे आपल्या राज्याचे नियमही याच नावाचे आहेत, महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२. अडचण ‘निवृत्ति’ची आहे. जिने नोकरीच केली नाही ती निवृत्त कशी होईल? हा प्रश्न एकट्या आईचा नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून ज्या निराधार वृद्धांना पैसे मिळतात त्यांतल्या कित्येकांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून काढलं. त्यांना निवृत्त कोणी केलं? त्यांचे हात अजून कामातच असतात. तिथे ‘वृद्धवेतन’ म्हटलं असतं तर शब्द खरा झाला असता. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनमध्ये केंद्राने १९८० मध्ये ‘सन्मान’ हा शब्द घातला, ते मात्र नेमकं झालं. स्वातंत्र्यलढ्यातून कोणी निवृत्त होत नसतं.

मग आईला मिळतं त्याला काय म्हणायचं? इथे मला दोन जुने शब्द भेटले आणि मी हरखून गेले.

पहिला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. कामावर असताना मेलेल्यांच्या बायकामुलांना ‘भक्तवेतन’ मिळावं, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. ‘भक्त’ म्हणजे शिजवलेलं अन्न, त्यापासूनच आपला भात. अन्न आणि वेतन! आणि ते मिळणार ‘पुत्रदारा’ यांना. म्हणजे वेतन हा शब्द विधवेच्या नावापुढे लावायला दोन हजार वर्षांपूर्वीही कोणाला अडचण वाटली नाही. आईच्या “वेतन तरी कधी घेतलं?” याचं उत्तर हेच. वेतन बाबांच्या कामाचं, आणि त्या कामात घराचा वाटा धरलेला. बाबा धरणाच्या साइटवर आठ आठ दिवस राहायचे तेव्हा आजीचं दुखणं, माझी शाळा, पानशेतच्या पुरानंतर बांधलेलं ते गळकं घर, सगळं तिनेच ओढलं होतं. तो वाटा तोलला तर पारडं हलकं भरणार नाही.

दुसरा शब्द मराठेशाहीतला, ‘बालपरवेशी’. फारसी ‘परवरिश’, म्हणजे पालनपोषण, त्यात आहे. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून नेमून दिलेलं उत्पन्न म्हणजे बालपरवेशी. जुन्या कागदपत्रांत हा शब्द येतो. पेन्शन शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ती गोष्टही होती आणि तिला तोंडात बसेल असा शब्दही होता. त्याच घरातला ‘वर्षासन’, विद्वान ब्राह्मणाला वर्षाला मिळणारी रक्कम. आणि ‘नेमणूक’, जिचा अर्थ पेशवाईत ठरवून दिलेली रक्कम असाही होता. आज नेमणूक म्हटलं की फक्त नोकरीचा हुकूम आठवतो. वर्षासन मर्जीचं, बालपरवेशी कर्तव्याची. हा भेद मराठीत होता आणि ‘पेन्शन’ या एका डब्यात सगळं भरल्यावर तो पुसला गेला, याची मला मनापासून हळहळ वाटते.

वापराबद्दल थोडं. पेन्शन स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी? आमच्या बँकेतल्या रांगेत दोन्ही ऐकू येतात, “पेन्शन आली का?” आणि “पेन्शन जमा झालं का?” माझा कौल स्त्रीलिंगाला, आणि पुरावा व्याकरणाचा आहे. आपण ‘पेन्शनीत निघाले’ म्हणतो. नपुंसकलिंगी असतं तर ‘पेन्शनात’ झालं असतं, जसं स्टेशनचं स्टेशनात होतं. पेन्शन मात्र भिंतीसारखी चालते. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर होते तेव्हा रस्तोरस्ती घोषणा होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. ‘जुनं पेन्शन’ कोणी म्हणालं नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी योजना नव्हती, तेच त्या संपाचं कारण. निवृत्तिवेतन हा शब्द त्या मोर्चात फक्त निवेदनाच्या कागदावर असणार. ओठांवरचा शब्द आणि कागदावरचा शब्द असे वेगळे पडणं काही चांगलं लक्षण नाही.

‘पेन्शनीत काढणे’ हा प्रयोग तर आपण वस्तूंनाही लावतो. बाबांची सायकल पेन्शनीत काढली, आजीचा पाटा-वरवंटा मिक्सर आल्यावर पेन्शनीत गेला. काम संपलं पण टाकून दिलं नाही, कोपऱ्यात मानाने ठेवलं, एवढी छटा त्यात आहे. भंगारात काढणे आणि पेन्शनीत काढणे यांत माया किती आहे याचं अंतर आहे.

आणखी एक जोडी बघा. पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतला तर सरकारी भाषेत त्याला ‘अंशराशीकरण’ म्हणतात. अंशाची रास करणे. शब्द फोडला की सुंदर आहे, पण काउंटरवर कोणाला उच्चारता येत नाही. लोक म्हणतात ‘पेन्शन विकली’. “पेन्शन विकून मुलीचं लग्न केलं” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण विकलेली वस्तू परत येत नसते, आणि हा भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ऊसतोड कामगार हंगामाआधी ‘उचल’ घेतात, तसंच हे आहे. ‘पेन्शनीवर उचल घेतली’ म्हणावं, असं मी सुचवते. अर्थही बरोबर बसतो आणि विकल्याचं दुःखही लागत नाही.

निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीला ‘उपदान’ म्हणतात. दोन्ही शब्दांच्या पोटात भेट, देणगी असा अर्थ आहे. १९७२ च्या कायद्याने तो हक्क झाला, तरी शब्द अजून उपकाराचाच राहिला. आणि पगार? तो पोर्तुगीजांकडून आलेला. त्याचं लॅटिन मूळ ‘शांत करणे’ असं आहे, म्हणजे देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शांत करणे. इंग्रजी ‘पे’ही त्याच मुळाचा. नोकरीभर शांत केलेलं, शेवटी भेट दिलेलं आणि मग तोलून दिलेलं, असा एका माणसाचा प्रवास या तीन शब्दांत येतो.

लेखनाचं राहिलं. ‘निवृत्ती’ एकटा शब्द दीर्घ, पण समासात आधी आला की मूळ संस्कृतासारखा ऱ्हस्व, म्हणून ‘निवृत्तिवेतन’. योजनांच्या फलकांवर ‘निवृत्तीवेतन’ सर्रास दिसतं. श्रावणबाळ योजनेचं नाव वर मी फलकावर असतं तसंच लिहिलं आहे. जे फॉर्म हजारो म्हातारी माणसं भिंगातून वाचतात, ते तरी शुद्ध असावेत असं मला वाटतं.

तुमच्याकडे, विशेषतः सातारा-कोल्हापूरकडे जिथे फौजी घरं जास्त आहेत, पेन्शनीला दुसरा काही बोलीतला शब्द आहे का? बालपरवेशी कोणाच्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल तर तेही जरूर लिहा.

हे सगळं मी आईला रविवारी दुपारी वाचून दाखवलं. भक्तवेतन तिला आवडलं, “भात आणि पगार, बरोबर आहे” म्हणाली. मग तिने जमाखर्चाची वही काढली, गेल्या महिन्याची रक्कम लिहायची राहिली होती म्हणून. ही वही मी आजवर उघडून पाहिली नव्हती. नऊ वर्षांची दर महिन्याची नोंद तिच्या बारीक अक्षरात आहे. त्यात पेन्शन कुठे लिहिलेलं नाही, निवृत्तिवेतनही नाही. रकमेच्या डाव्या बाजूला प्रत्येक वेळी दोनच शब्द आहेत, ‘ह्यांचे आले’.